स्पोर्ट्स मोटारीचे सस्पेन्शन : रस्ता आणि ट्रॅक यांचा मेळ

१. विषयाची पार्श्वभूमी

स्पोर्ट्स मोटार हा वाहनप्रकार मुळात सार्वजनिक रस्त्यावर जन्मास आला. सिसिली बेटावरील टार्गा फ्लोरिओ ही शर्यत १९०६ पासून डोंगरातील गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवरच होत असे. इटलीतील मिल्ले मिल्या ही शर्यत १९२७ ते १९५७ या काळात ब्रेशियाहून रोम व तेथून परत ब्रेशिया अशा सुमारे १,००० मैलांच्या वहिवाटीच्या रस्त्याने धावली. फ्रान्समध्ये ल माँ येथे १९२३ साली सुरू झालेल्या चोवीस तासांच्या शर्यतीच्या मार्गाचा काही भाग आजही एरवी रहदारीला खुला असतो. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथील उत्तरेकडचा मार्ग १९२७ साली बांधण्यात आला. सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा हा मार्ग शर्यतीसाठीच बांधला असला, तरी ठराविक दिवशी पैसे भरून कोणीही परवानाधारक आपली नेहमीची मोटार तेथे चालवू शकतो. तात्पर्य, ज्या मोटारीने घरून निघावयाचे, तिनेच वेगाची कसोटी द्यावयाची आणि तिनेच घरी परतावयाचे, ही अपेक्षा या वाहनप्रकाराच्या स्वभावातच आहे.

पुढे शर्यतीची वाहने व रस्त्यावरची वाहने यांची फारकत झाली. शर्यतीचा मार्ग, म्हणजे ट्रॅक, गुळगुळीत असतो. रस्ता तसा नसतो. तरीही एकाच मोटारीकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवणारा वर्ग उरला, आणि भारतातही तो वाढत आहे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथील मार्ग १९९० साली, कोइमतूरजवळील मार्ग २००३ साली, तर ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मार्ग २०११ साली सुरू झाला. यांपैकी कोणत्याही ठिकाणी पुण्या-मुंबईहून स्वतः मोटार चालवीत जावयाचे तर हजारांहून अधिक किलोमीटरांचा प्रवास पडतो. या प्रवासात गतिरोधक, खड्डे व पुलांचे सांधे असतात. पावसाळ्यात ओला रस्ताही असतो. ट्रॅकवर मात्र त्याच मोटारीने काही मिनिटे आपल्या क्षमतेच्या सीमेवर धावावयाचे असते.

अशा मोटारीचे सस्पेन्शन कसे जुळवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ‘गाडी खाली बसवावी आणि कडक करावी’ हे या प्रश्नाचे प्रचलित उत्तर होय. ते का अपुरे आहे, आणि त्याऐवजी विचाराचा कोणता क्रम धरावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

२. ‘कडक’ या शब्दाची अनेकार्थता

गॅरेजमधील मराठी बोलीत भागांची नावे पुरेशी काटेकोर आहेत. ट्रकच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगला पाटे, गुंडाळलेल्या तारेच्या स्प्रिंगला नुसते स्प्रिंग, तर तेल भरलेल्या नळकांड्याला शॉकअप असे म्हणतात. यांत सहसा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो गुण सांगताना. ‘गाडी कडक झाली’ या एका वाक्याने किमान चार भिन्न गोष्टी सूचित होऊ शकतात.

पहिली गोष्ट स्प्रिंगची ताठरता. स्प्रिंग किती दबली यावर तिचे बल अवलंबून असते. किती वेगाने दबली याच्याशी त्या बलाचा संबंध नसतो. दुसरी गोष्ट शॉकअपचा, म्हणजे डँपरचा, विरोध. येथे बल हालचालीच्या वेगावर अवलंबून असते. मोटार उभी असताना ते शून्य असते. तिसरी गोष्ट अँटी-रोल बारची ताठरता. हा दांडा एकाच आसाच्या दोन चाकांना जोडतो आणि ती चाके एकमेकांच्या तुलनेत वरखाली झाली तरच पिळला जातो. दोन्ही चाके एकदम वर गेली तर तो जवळजवळ निष्क्रिय राहतो. चौथी गोष्ट सांध्यांतील रबरी बुशांचा कठीणपणा. बुश मऊ असेल तर चाकाचे ठरवून दिलेले कोन भाराखाली बदलतात; कठीण असेल तर ते टिकतात, परंतु रस्त्याची खरखर थेट आसनापर्यंत पोचते.

या चार गोष्टींचे भौतिक स्वरूप निरनिराळे आहे आणि चालकाच्या शरीराला होणारी जाणीव मात्र बरीचशी सारखी आहे. साहजिकच भाषेने चारींना एकच विशेषण बहाल केले. इंग्रजीतील व्यवहारही याहून वेगळा नाही. ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ हे नावच मुळात दिशाभूल करणारे आहे. धक्का सामावून घेण्याचे काम स्प्रिंग करते, आणि स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने घालविण्याचे काम तथाकथित शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. रस्ता व ट्रॅक यांतील विरोध अटळ वाटतो त्याचे बरेचसे कारण या चार गोष्टी एकत्र मोजण्यात आहे. त्या सुट्या केल्या की यांतील कोणती रस्त्याला जाचते आणि कोणती जाचत नाही, हे पाहता येते.

३. स्प्रिंग : दबण्याचे गणित

स्प्रिंगवर तोललेले वस्तुमान वरखाली डोलू लागले की त्याला स्वतःची एक वारंवारता असते. ती काढण्याची एक सुटसुटीत रीत अशी : स्वतःच्या भाराखाली स्प्रिंग चाकाच्या जागी किती सेंटिमीटर दबते ते पाहावे, त्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याने ५ या संख्येस भागावे. येणारा भागाकार म्हणजे दर सेकंदास होणारी आंदोलने. २५ सेंटिमीटर दबणारी मोटार सेकंदाला १ वेळ डोलते. ११ सेंटिमीटर दबणारी १.५ वेळा, ६.२ सेंटिमीटर दबणारी २ वेळा. सामान्य प्रवासी मोटारी १ ते १.५ या टप्प्यात येतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स मोटारी १.५ ते २ या टप्प्यात, आणि वाऱ्याच्या दाबावर विसंबून नसणाऱ्या शर्यतीच्या मोटारी सर्वसाधारणपणे २ ते २.५ या टप्प्यात. वाऱ्याचा मोठा दाब घेणाऱ्या शर्यतीच्या मोटारी याच्याही बऱ्याच वर जातात. त्यांचा विचार येथे अप्रस्तुत आहे.

उदाहरणासाठी मझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार घेऊ. ती १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे एकावर एक असे दोन त्रिकोणी बाहू असलेली रचना, वजन हजार किलोंच्या आसपास, आणि रस्ता व ट्रॅक या दोन्ही ठिकाणी हौशी चालकांकडून होणारा विपुल वापर, या कारणांनी ती प्रस्तुत विवेचनास सोयीची आहे. चालक व इंधन यांसह तिचे वजन १,१०० किलो धरले आणि चाके, ब्रेक इत्यादी स्प्रिंगखालचा भाग वगळला, तर दर चाकामागे स्प्रिंगवर सुमारे २४० किलो येतात. वारंवारता १.५ हवी असेल तर चाकापाशी दर मिलिमीटरला सुमारे २१ न्यूटन इतकी ताठरता लागते. २ हवी असेल तर सुमारे ३८ न्यूटन. वारंवारता तृतीयांशाने वाढविण्यासाठी ताठरता जवळजवळ पावणेदोन पट करावी लागते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ही ताठरता चाकापाशी मोजावयाची आहे, स्प्रिंगपाशी नव्हे. स्प्रिंग सामान्यतः बाहूच्या मध्यावर कोठेतरी टेकलेली असते. चाक १० मिलिमीटर वर गेले तर ती ७ मिलिमीटरच दबते, असे समजू. तेव्हा ०.७ या गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे ०.४९, हिशेबात येतो, कारण बल आणि अंतर या दोहोंवर तरफेचा परिणाम होतो. चाकापाशी २१ न्यूटन हवे असतील तर स्प्रिंग सुमारे ४३ न्यूटनांची लागते. एका मोटारीच्या स्प्रिंगचा आकडा दुसऱ्या मोटारीस लावून पाहण्याची प्रथा का निरर्थक आहे, ते यावरून स्पष्ट व्हावे.

पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचे परस्परांशी नाते कसे असावे, याचा पद्धतशीर विचार मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने केला. रोल्स-रॉइसमधील अनुभवानंतर तो १९३० साली अमेरिकेतील कॅडिलॅककडे गेला, आणि तेथे वजने हलविता येतील अशा प्रायोगिक मोटारीवर त्याने प्रवाशांच्या सुखाचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष असा की मागच्या बाजूची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी अधिक असावी. याचे कारण साधे आहे. खड्डा प्रथम पुढच्या चाकांना लागतो. एमएक्स-५ च्या दोन आसांतील अंतर २.२६५ मीटर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने मागची चाके त्याच खड्ड्यावर सुमारे ०.१४ सेकंदाने पोचतात. मागची बाजू थोडी जलद डोलत असेल तर ती उशिरा सुरुवात करूनही पुढच्या बाजूला गाठते, आणि मोटारीचे नाक वरखाली होण्याऐवजी सबंध मोटार सपाट उठते व बसते. गुळगुळीत ट्रॅकवर या नियमाचे महत्त्व कमी होते आणि तेथे पुष्कळ चालक याच्या उलट रचना पसंत करतात. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीने मात्र तो सोडू नये.

४. भाराचे स्थलांतर आणि मोटारीचा तोल

वळणावर आतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जातो हे वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांतील रुंदी आणि वळणातील प्रवेग या चार राशींवर ठरते. वरील मोटारीचा गुरुत्वमध्य ०.४५ मीटर उंचीवर व चाकांतील रुंदी १.४ मीटर धरली, आणि वळणातील प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट असला, तर सुमारे ३१८ किलो भार आतून बाहेर जातो. सरळ रस्त्यावर प्रत्येक बाजूस ५५० किलो असतात. वळणात बाहेरच्या बाजूस ८६८ व आतल्या बाजूस २३२ उरतात. या हिशेबात स्प्रिंगचा उल्लेख कोठेही येत नाही. स्प्रिंग कडक केल्याने मोटार कमी कलते हे खरे, पण स्थलांतरित होणारा एकूण भार जवळजवळ तेवढाच राहतो. कमी कलणारी मोटार म्हणजे अधिक पकड असलेली मोटार, हा समज येथेच कोसळतो.

मग ताठरतेने साधते काय? एकूण भारातील किती हिस्सा पुढच्या आसावर बदलावा आणि किती मागच्या, याची वाटणी तिने ठरते. टायरची पकड भाराबरोबर वाढते, परंतु त्याच प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट झाला तर पकड दुपटीहून कमी भरते. म्हणून ज्या आसावर भाराची अदलाबदल अधिक, त्या आसाची एकत्रित पकड घटते. पुढचा अँटी-रोल बार जाड केला तर पुढची चाके आधी घसरू लागतात व मोटार वळणाच्या बाहेर ओढ घेते. मागचा जाड केला तर मागची बाजू आधी सुटते व मोटार स्वतःभोवती फिरू पाहते. या दोन दांड्यांच्या जाडीतील थोड्याशा फरकाने मोटारीचा स्वभाव बदलतो. दोन्ही चाकांना एकदम उचलणाऱ्या गतिरोधकावर मात्र त्या फरकाची फारशी जाणीव होत नाही. एकाच चाकाखाली खड्डा आला तर दांड्याचा धक्का जाणवतो, हे मान्य करून एवढे म्हणता येईल की रस्त्याला कमीत कमी त्रास देऊन ट्रॅकला उपयोगी पडणारे असे हे साधन आहे.

तोलाचा हा प्रश्न केवळ वेळ कमी करण्याचा नाही. अमेरिकेतील शेव्हर्ले कॉर्व्हेअर ही १९६० च्या वर्षीची मोटार याचे प्रसिद्ध उदाहरण होय. इंजिन मागे, मागची चाके डोलणाऱ्या आसांवर, आणि पुढे अँटी-रोल बार नाही, अशी तिची रचना होती. मागची बाजू सुटू नये म्हणून निर्मात्यांनी पुढच्या टायरांत १५ व मागच्या टायरांत २६ पौंड हवा सांगितली होती. मोटारीची सुरक्षितता अशा रीतीने हवा भरणाऱ्याच्या काळजीवर सोपविली गेली, आणि सगळीकडे सारखी हवा भरली की तिचा तोल बिघडे. १९६४ च्या मोटारीत पुढे अँटी-रोल बार आला. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण याच मोटारीवर लिहिले. १९७२ साली अमेरिकी शासनाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने ही मोटार समकालीन मोटारींहून अधिक धोकादायक नव्हती असा निर्वाळा दिला. वादाचा निकाल काहीही मानला, तरी एक गोष्ट त्यातून ठरली : सामान्य रस्त्यावर अकस्मात स्टिअरिंग फिरवावे लागले असता मोटार काय करील, याची जबाबदारी तोल ठरविणाऱ्यावर असते. ट्रॅकसाठी मागचा दांडा जाड करणाऱ्या हौशी मालकाने ती जबाबदारी स्वतःवर घेतलेली असते. ट्रॅकवर मागची बाजू सुटली तर सहसा मोकळी जागा मिळते. घाटातील ओल्या वळणावर ती मिळत नाही. रस्त्यासाठी म्हणून तोल नेहमी पुढची चाके आधी घसरतील असाच राखावा. बार जुळविता येण्याजोगा असेल तर ट्रॅकवर पोचल्यावर त्याची कडी एक छिद्र पुढे घ्यावी, आणि निघण्यापूर्वी न विसरता मागे आणावी.

५. डँपर : वेगाचा विवेक

डँपरचे बल वेगावर अवलंबून असते, आणि रस्ता व ट्रॅक यांचा मेळ घालण्याची सर्वांत मोठी संधी याच गोष्टीत आहे. चालक स्टिअरिंग फिरवितो किंवा ब्रेक दाबतो तेव्हा शरीर कलते किंवा पुढे झुकते, पण हे सावकाश घडते. डँपरमधील दट्ट्या सेकंदाला काही सेंटिमीटर एवढ्याच वेगाने सरकतो. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळते तेव्हा तोच दट्ट्या याच्या अनेक पट वेगाने ढकलला जातो. मंद हालचालीला भरपूर विरोध आणि जलद हालचालीला त्या मानाने कमी विरोध, असे झडपांचे नियोजन केले तर मोटार चालकाच्या हातांना तत्परतेने उत्तर देते आणि तरीही खड्ड्यावर उसळत नाही. ब्रिटनमधील लोटस कंपनीचे कॉलिन चॅपमन यांच्या १९६२ च्या इलान या हलक्या मोटारीत मऊ स्प्रिंग व नेमके डँपर यांची अशीच सांगड होती. उत्तम वळणाऱ्या रस्त्यावरच्या मोटारींत तिची गणना आजही होते.

स्प्रिंग बदलली आणि डँपर तोच ठेवला, ही नेहमी आढळणारी चूक आहे. स्प्रिंगची वारंवारता १.५ वरून २ वर नेली तर आंदोलन पूर्वीइतक्याच लवकर शमविण्यास डँपरचा विरोध एकतृतीयांशाने वाढवावा लागतो. तो न वाढविल्यास मोटार एका उंचवट्यानंतर दोन-तीनदा डोलते, आणि प्रत्येक डोलण्यात टायरवरील भार कमीजास्त होतो. उलट, विरोध वाजवीपेक्षा अधिक केल्यास त्याहून वाईट अवस्था येते. उसळीच्या दिशेचा विरोध फार असेल तर लागोपाठच्या उंचवट्यांवर दबलेले चाक पुन्हा खाली येण्यास वेळच मिळत नाही. मोटार पायरीपायरीने खाली ओढली जाते आणि चाक खड्ड्याच्या तळापर्यंत न पोचता हवेत राहते. जमिनीला न टेकलेल्या टायरला पकड नसते, ब्रेकही नसतो.

वरील दोन अवस्थांमध्ये आपोआप मार्ग काढण्याचा यशस्वी प्रयत्न २००२ साली कॅडिलॅक सेव्हिल या मोटारीत दिसला. डँपरच्या तेलात लोहाचे सूक्ष्म कण मिसळून विद्युत्-चुंबकाने त्या तेलाचा घट्टपणा क्षणार्धात बदलण्याची ती योजना होती. पुढे अनेक स्पोर्ट्स मोटारींनी ती स्वीकारली. अशी मोटार असलेल्या मालकाचे काम पुष्कळ सोपे होते. साध्या, हाताने जुळविता येणाऱ्या डँपरवरही तेच तत्त्व लागू आहे : रस्ता व ट्रॅक यांसाठी खुंटीच्या दोन निश्चित जागा ठरवाव्यात आणि त्या लिहून ठेवाव्यात.

६. चाकांचे कोन

समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकलेला असतो, त्या कोनास कॅम्बर म्हणतात. आत झुकणे ऋण मानतात. वळणात शरीर ३ अंश कलले आणि बाहूंच्या रचनेने त्यातील निम्मेच भरून निघाले, तर बाहेरचे चाक जमिनीच्या मानाने १.५ अंश बाहेर झुकते आणि टायरची बाहेरची कडच रस्त्यावर राहते. म्हणून आधीच तेवढे ऋण कॅम्बर देऊन ठेवावे लागते. रस्त्यासाठी सामान्यतः अर्धा ते १ अंश पुरतो. ट्रॅकवर २ ते ३ अंशही देतात. दोहोंसाठी मिळून दीड ते २ अंश ही तडजोड चालण्याजोगी आहे.

एवढ्या कॅम्बरने टायर आतून झिजतील, ही भीती पुष्कळांना वाटते. ती अगदी निराधार नाही. परंतु झिजेचा खरा दोष बहुधा दुसऱ्या कोनाकडे जातो. वरून पाहिले असता चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असते, त्यास टो म्हणतात. एका चाकाचा टो अवघा पाव अंश असला, तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवे फरफटते. पुण्याहून कोइमतूरपर्यंतच्या सुमारे १,२०० किलोमीटरांत ही फरफट सव्वापाच किलोमीटरांच्या आसपास जाते. ट्रॅकवर मोटार वळणात चटकन शिरावी म्हणून पुढे बाहेरचा टो देतात. तोच टो महामार्गावर मोटारीला भटकती करतो आणि टायर खातो. मेळ साधावयाचा तर पुढचा टो शून्याजवळ ठेवावा, मागे थोडासा आतला टो ठेवावा, आणि वळणाची पकड कॅम्बरकडून घ्यावी. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये हे कोन विकेंद्री बोल्टांनी जुळविता येतात. तथापि एक कोन फिरविला की दुसरा हलतो, म्हणून मोजमापाच्या साधनांवाचून ट्रॅकच्या कडेला हा उद्योग करू नये.

७. उंची आणि टायर

मोटार खाली आणली की गुरुत्वमध्य उतरतो आणि भाराचे स्थलांतर कमी होते, हे निर्विवाद आहे. तथापि लाभ लहान आहे. वरील उदाहरणात ३ सेंटिमीटर उतरविल्याने ३१८ किलोंपैकी सुमारे २१ किलो वाचतात. त्याची किंमत मोठी पडू शकते. अर्ल मॅक्फर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी, एकच खालचा बाहू असलेली रचना पुष्कळ मोटारींत आढळते. अशी मोटार फार उतरविली की तो बाहू चाकाकडे चढता होतो, आणि शरीर ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली जातो. परिणामी दोहोंतील अंतर वाढून मोटार पूर्वीपेक्षा अधिक कलू पाहते. स्टिअरिंगच्या दांड्याचे वर्तुळ व बाहूचे वर्तुळ यांचा मेळही सुटतो, आणि उंचवट्यावर चाक आपोआप वळते.

याहून गंभीर गोष्ट प्रवासाच्या अंतराची आहे. चाकाला वर जाण्यास ८ सेंटिमीटर जागा असेल आणि मोटार ४ सेंटिमीटर उतरविली, तर निम्मी जागा गेली. ती संपली की रबरी गुटका लागतो आणि त्या चाकाची ताठरता एकाएकी अनेक पट होते. हे वळणाच्या मध्यावर घडले तर तोल त्याच क्षणी बदलतो; मागच्या चाकाला घडले तर मागची बाजू पूर्वसूचनेवाचून सुटते. शिवाय भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना आळा घालते, हेही ध्यानी ठेवावयास हवे.

टायरमधील हवेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि परतीच्या प्रवासात तीच सर्वांत घातक ठरू शकते. सकाळी २५ अंश तापमानास २९ पौंड भरलेली हवा ट्रॅकवर ७५ अंशांपर्यंत तापली तर दाब ३६ पौंडांवर जातो. चालक तो उतरवून पुन्हा २९ वर आणतो. गरम टायरसाठी ते योग्यही असते. परंतु टायर रात्री निवले की त्यात २३ पौंडांहूनही थोडी कमीच हवा उरते. अशा टायरांनी दुसऱ्या दिवशी महामार्गावर सलग वेगाने जाणे म्हणजे त्यांच्या बाजू वाकवून वाकवून तापविणे आणि फुटण्यास आमंत्रण देणे होय.

८. कामाचा क्रम

या विवेचनावरून कामाचा क्रम निघतो. प्रथम मोटार निर्दोष करावी. झिजलेले बुश, सैल बॉल जॉइंट आणि गळणारे डँपर असताना कोणतीही जुळवणी व्यर्थ आहे. त्यानंतर चांगले टायर घ्यावेत. मग कोन जुळवावेत. मग अँटी-रोल बारने तोल साधावा. मग डँपर पाहावेत. स्प्रिंगला हात घालावा तो यांनंतर, आणि तेव्हाही रस्त्याच्या मोटारीत वारंवारता २ च्या पलीकडे नेऊ नये. उंची ही स्वतंत्र इच्छा म्हणून बदलू नये; स्प्रिंगबरोबर जेवढी उतरेल तेवढीच स्वीकारावी आणि प्रवासाची जागा मोजून पाहावी. प्रचलित प्रथा या क्रमाच्या नेमकी उलट आहे. तेथे सुरुवातच उंची व स्प्रिंग यांपासून होते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल तारीख, तापमान व हवेच्या दाबासह वहीत नोंदवावा. ट्रॅकवरून येताच टायरचे तापमान आतील, मधल्या व बाहेरील अशा तीन पट्ट्यांत मोजावे. मधला पट्टा अधिक तापला असेल तर हवा जास्त आहे. बाहेरचा अधिक तापला असेल तर कॅम्बर अपुरे आहे. आतला थोडासा अधिक असणे स्वाभाविक आहे. चालकाच्या जाणिवेपेक्षा ही नोंद अधिक विश्वसनीय ठरते, कारण कडक मोटार हळू जात असली तरी वेगवान भासते.

रस्ता आणि ट्रॅक यांचा पूर्ण मेळ अशक्य आहे, हे मान्य करावयास हवे. गुळगुळीत टायर, वाऱ्याचा दाब आणि धातूचे सांधे यांवर उभी असलेली शर्यतीची मोटार रस्त्यासाठी नाही. मात्र ज्या मालकाला वर्षातील थोडे दिवस ट्रॅकवर व उरलेले रस्त्यावर काढावयाचे आहेत, त्याने रस्त्याला अग्रक्रम दिला तरी ट्रॅकवर त्याचे फारसे बिघडत नाही. चाक जमिनीला सतत टेकून राहावे, ही अट दोन्हीकडे तीच आहे. ट्रॅकवर ती मोडली तर काही क्षण वाया जातात. रस्त्यावर मात्र समोरून कोणी येत असते, आणि त्याने या प्रयोगाला संमती दिलेली नसते.